'अंकुश' पुन्हा पाहताना

१९८७ सालच्या नाताळात आमच्या वाडीत भाड्याने 'व्हिडिओ' आणला होता. कुंडलिका खाडीच्या दक्षिणेस असलेल्या या किनाऱ्यावर तेव्हा फारच थोड्या घरी व्हीसीआर असे. घरटी वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी एका रात्रीपुरत्या आणायच्या, आणि अंगणात ताडपत्री अंथरून पहाटेपर्यंत पाहत बसायचे, असा तेव्हाचा परिपाठ. त्या रात्रीची पहिली कॅसेट 'अंकुश'ची होती. दिग्दर्शक एन. चंद्रा यांचा १९८६ सालचा हा पहिलाच चित्रपट. त्यातले नाना पाटेकर जन्माने मुरुडचे, म्हणजे आमच्याच किनाऱ्याचे. ते पडद्यावर दिसताच घरचा माणूस आल्यासारखा गलका झाला.

कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मुंबईच्या एका नाक्यावर दिवस काढणारे चार बेकार तरुण; १९८२च्या गिरणी संपानंतरची ती मुंबई. शेजारी आलेली अनिता त्यांना माणसासारखे वागवते आणि त्यांच्यात पालट होऊ लागतो. मग तिच्यावर सामूहिक अत्याचार होतो, न्यायालयातून आरोपी सुटतात, ती जीव देते, आणि हे चौघे त्या आरोपींना ठार मारतात. अखेरीस त्यांना फाशीची शिक्षा होते.

चित्रपटगृहात कथा आपल्या गतीने चालते व प्रेक्षकास तिच्यामागून जावे लागते. अंगणात मात्र बटण आमच्या हाती होते. न्यायालयाचा प्रसंग सुरू झाला तेव्हा कोणीतरी ओरडले, "अरे, पुढे घे, पुढे घे!" काळ्या डगल्यातले वकील नुसती तोंडे हलवीत भराभर निघून गेले. सूडाचे प्रसंग आम्ही मागे नेऊन दोनदा, तीनदा पाहिले. चौघांच्या शिक्षेपर्यंत तर पोहोचलोच नाही, कारण दुसरी कॅसेट लावायची घाई होती. चित्रपट आम्ही असा आमच्या मनाजोगता कापून घेतला, आणि पुढे कित्येक वर्षे तोच 'अंकुश' म्हणून आमच्या स्मरणात राहिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना एका इंजिनाचे सुटे भाग चोरीस गेले. संशय आला तो बाहेरगावाहून मजुरीला आलेल्या एका पोरावर. पोलीस चौकी दूर होती असे नव्हे. "चौकीत जाऊन काय होतंय? आपणच बघू," असे एकजण म्हणाला. हे वाक्य चित्रपटातले नव्हते. परंतु ते ऐकताच पुढे काय करायचे हे सर्वांना जणू पाठ होते. त्याला माडाला बांधले. आम्ही हात उचलला नाही. कंदील मात्र आम्हीच धरला होता. आठवड्याभराने ते भाग एका भंगारवाल्याकडे सापडले. विकणारा होडीमालकाच्या नात्यातलाच निघाला. पोराचा डावा हात पुढे कधी नीट सरळ झाला नाही. वाडीत तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

यंदा प्रायश्चित्तकाळात पुतणीने तीच फिल्म डीव्हीडीवर लावली. या खेपेस आम्ही काहीही पुढे ढकलू दिले नाही. न्यायालय पाहिले, शिक्षाही पाहिली. सूडाची किंमत चित्रपटाने वसूल केलेली होती. ती पाहण्याचे टाळले होते ते आम्ही. चित्रपट निर्दोष आहे असे यावरून म्हणता येणार नाही. पुतणी मध्येच म्हणाली, "काका, अनिता तर अर्ध्यातूनच गेली. पुढचा सगळा राग ह्यांचाच की!" आम्हांला यावर उत्तर सुचले नाही. तिच्या दुःखाचा निवाडा चार पुरुषांनी आपल्या हाती घेतला. तिला काय हवे होते हे विचारायला तीच उरली नव्हती.

न्यायालयावरचा तो अविश्वास पोकळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडून दिले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र घेऊन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात पोलिसाशी संबंध आल्याचे सिद्ध झाले व आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते मानून चालावे, असे ठरले. इथेही माणसे चारच, आणि संतापही कमी नव्हता. पण त्या पत्राचा चित्रपट कोणी भाड्याने आणला नसता. आम्हीही नाही.

कोणी विचारील, त्या देसाईगंजच्या मुलीला काय मिळाले? तिचे आरोपी सुटले ते सुटलेच. या प्रश्नाला क्षमेचे प्रवचन हे उत्तर नव्हे, आणि ज्याच्या घरात असे घडले नाही त्याने ते देऊही नये. प्रभू येशूनेही मंदिरात आसूड उगारला होता. परंतु व्यभिचारात धरलेल्या स्त्रीभोवती दगड घेऊन जमलेला जमाव त्याने परतवला, तेव्हा सर्वांत आधी म्हातारे निघून गेले, असे योहान लिहितो. आम्ही आता त्या वयाचे झालो आहोत.

या चित्रपटातली प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. आमची मुलेही ती म्हणत मोठी झाली. वैराचा बदला वैराने न घेण्याचे मागणे त्या प्रार्थनेतच आहे. त्या रात्री अंगणात तिची कडवीही पुढे ढकलली होती की काय, आता आठवत नाही.

तो पोर आता साठीला आला असेल. पलीकडच्या धक्क्यावर होड्यांची इंजिने दुरुस्त करतो, उजव्या हाताने. बाजारात दिसला की मान हलवतो, आम्हीही हलवतो. त्याच्या घरी आम्ही अद्याप गेलेलो नाही.