सत्तावनची बंदूक

दर खंडेनवमीला आबा सोप्यातली ठासणीची बंदूक खुंटीवरून उतरवत, नळीला तेलाचं बोट लावत, झेंडूची माळ घालत आणि आम्हा पोरांना सांगत, "सत्तावनची हाय ही. रंगो बापूजींच्या कटात आपला खापरपणजा होता, त्याची." गावात आमच्या घराला जो मान होता, त्यातला निम्मा या बंदुकीचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. तेवढे दिवस आबांना चैन पडत नसे.

एका वर्षी जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. म्हणाला, "सत्तावनची म्हणून लिहून द्या, चौपट देतो." आबांना विकायची नव्हतीच, पण माझ्या डोक्यात ते 'चौपट' घोळत राहिलं. फौजेत आर्मरर असलेले मामा रजेवर आले, तेव्हा त्यांना बंदूक दाखवली.

मामांनी घोड्याजवळची लोखंडी पट्टी पुसली. मुकुट, 'टॉवर' आणि साल 1860. मग नळीच्या तोंडात करंगळी फिरवली. म्हणाले, "1853 च्या एन्फिल्डला आत तीन पीळदार खाचा असत्यात. त्यानं गोळी गिरकी घेत लांब अन् नेमकी जाती. त्या खाचांवरनंच रायफल म्हणायचं. ही आतनं गुळगुळीत. बंडानंतर इंग्रजानं देशी पलटणींसाठी मुद्दाम अशा करवल्या. वरनं हुबेहूब एन्फिल्ड, आत खाचा न्हाईत. आपल्या माणसाचा नेम लांबवर लागू नये म्हणून."

मी म्हणालो, "मामा, आबांना सांगू नका."

"मी न्हाई सांगत. तू सांग."

आठ दिवस मी गप्प राहिलो. म्हटलं, म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत हे कशाला? यात कुणाचं काय बिघडतंय? बंदूक तर खोटी नव्हती. इंग्रजांचीच होती, जुनी होती. खापरपणजा कटात नव्हता असंही तिच्यावरून ठरत नव्हतं. तिची साक्ष वेगळी होती. ज्याच्या खांद्यावर सरकारनं ती दिली, त्या शिपायावर सरकारचाच भरवसा नव्हता. ते ऐकायला आमच्या घरात कुणी तयार नव्हतं, एवढंच.

शेवटी सांगितलं. आबा बराच वेळ उंबऱ्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "सत्तावनला साताऱ्यात गेंडामाळावर जे मेले, त्यांचा मान आपुन फुकट खाल्ला की रं."

कुणाचं काय बिघडतंय, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

व्यापाऱ्याला कागद मिळाला नाही. पुढच्या खंडेनवमीला आबांनी बंदूक उतरवली, तेल लावलं, माळ घातली. पोरं जमली. आबा म्हणाले, "साठ सालची हाय. या, एकेकानं आत बोट घालून बघा. काय लागतंय?"

"कायच न्हाई, आबा."

"तेच सांगतो, बसा."