विस्मरणाचें माप

१८८३ सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत हक्स्लेसारख्या थोर प्राणिशास्त्रज्ञानें सांगितलें कीं, कॉडसारख्या माशांचे समुद्रांतील सांठे बहुधा अक्षय आहेत. १९९२ सालीं कॅनडा सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी बंद करावी लागली, आणि हजारों माणसांचा रोजगार बुडाला.

हा ऱ्हास वेळींच कोणाच्या डोळ्यांत कां भरला नाहीं? याचें एक मार्मिक उत्तर मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनीं १९९५ सालीं दिलें. प्रत्येक पिढीचा संशोधक आपल्या उमेदवारीच्या काळीं जेवढे मासे पाहतो तेवढेच मूळचे समजतो, व हानीचें मोजमाप तेथूनच करतो. पुढच्या पिढीचा आरंभ त्याहूनहि खालच्या पायरीवरून होतो. समुद्र रिता होत जातो. हानि मात्र प्रत्येकाला अल्पच भासते. म्हणून जुन्या लोकांच्या आठवणींसहि शास्त्रांत स्थान असावें, असें त्यांचें म्हणणें.

स्मृति अतिशयोक्ति करते, हें खरें. परंतु अतिशयोक्ति पारखून घेतां येते. न ऐकलेली साक्ष कायमची नाहींशी होते. नकळत घडलेला अपराध क्षम्य म्हणावा. पण जाणून घेण्याचा आळस क्षम्य कसा? वारसा केवढा होता हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्याला आपण किती उधळलें याची लाज कोठून वाटणार? वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आपण करमणूक म्हणून ऐकतों; त्या साक्ष म्हणून ऐकणें, हें आपलें कर्तव्य आहे.