दीड तासाची आत्या

अंतर कमी झाले की कर्तव्य वाढते का, हा प्रश्न बी. कॉम.ला नव्हता. असता तर मी तो ऑप्शनला टाकला असता.

आता तो आत्याने टाकला आहे, आणि तिच्या पेपरात ऑप्शन नसतो. ती नागपूरला धरमपेठेत, वय ८२. मी भोसरीत, बँकेच्या खिडकीमागे. रेल्वेने हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे "यंदा जमलं नाही गं" या वाक्याला एक प्रतिष्ठा होती. अख्खा खानदेश आणि अख्खे वऱ्हाड मध्ये आडवे पसरलेले असताना भाच्याने तरी काय करावे?

मग कुणा हितचिंतकाने तिला सांगितले की लोहगावहून सोनेगावला विमान दीड तासात येते. लगेच फोन. "दीड तासावर राहतोस, आणि तीन-तीन वर्षं तोंड दाखवत नाहीस?"

मी खाते मांडले. "आत्या, आकाशातून अंतर सहाशे किलोमीटर. विमानाच्या वेगाने पाऊण तासच व्हायला हवा. पण चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ धरतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आलं, चढणं-उतरणं आलं, शिवाय थोडी गंगाजळी. आणि हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. तिकडे येताना ढकलतो, परतताना अडवतो."

"म्हणजे वारासुद्धा माझ्याच बाजूचा आहे."

मी घरापासून मोजायला लागलो. भोसरी ते लोहगाव सरळ रेषेत नऊएक किलोमीटर. पण मी कावळा नसल्यामुळे मला दिघी आणि विश्रांतवाडी लागते, आणि कारखान्यांची पाळी सुटलेली असली तर ती बराच वेळ लागलेलीच राहते. विमानतळावर दोन तास आधी. एकूण बेरीज पाच तास.

"बरं, पाच. मग?"

इथे माझे वाणिज्य संपले. बँकेत नावे पडलेले कुठेतरी जमा होतेच. विमानाने वाचवलेले दहा-बारा तास मात्र कुणाच्या खात्यात जमा झालेले मी पाहिले नाहीत. पूर्वी रात्रभर हाडे खिळखिळी करून माणूस पोचायचा आणि तेवढ्याच हक्काने आठ दिवस राहायचा. आता सकाळी जाऊन संध्याकाळी परततो, आणि मधल्या वेळात मोबाइल पाहतो. बरे, अंतरावरच माया ठरत असेल म्हणावे, तर आमच्या सोसायटीतले दोन सख्खे भाऊ एका जिन्याच्या अंतराने राहतात आणि भेटतात ते मयतालाच. कर्तव्य किलोमीटरवर चालत नाही. किलोमीटरवर चालते ती सबब. आत्याला हे गणित न मांडताच कळलेले आहे.

तिने शेवटी इतिहास काढला. १९४९ मध्ये रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. "चार टोकांची चार गावं रोज रात्री भेटायची रे, तेही पत्रांसाठी."

यावर काय बोलणार? मी तिकिटाचे बघतो म्हटले.

"बघ. आणि परतीचं काढू नकोस," आत्या म्हणाली, "तो वारा अडवतो ना?"