अर्ज, वचन आणि ऋण

ज्ञान आणि द्रव्य यांच्या संबंधाविषयीची मराठी चर्चा बहुतांशी 'राजाश्रय की लोकाश्रय' या द्वंद्वातच फिरत राहिली आहे. पैसा कोणाचा आणि तो घेतल्याने लेखक वा संशोधक मिंधा होतो काय, या प्रश्नांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि या चर्चेत लक्ष सदैव दात्याच्या चारित्र्यावर खिळलेले असते. देवघेव ज्या भाषेत घडते, त्या भाषेकडे सहसा पाहिले जात नाही. आजचा संशोधक, नाट्यसंस्थेचा कार्यवाह किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेचा विश्वस्त दरबारात जात नाही, आणि बहुधा झोळीही फिरवत नाही. तो अर्ज भरतो. अनुदानाचा अर्ज हा एक लेखनप्रकार मानून त्याची नैतिक चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या लेखनप्रकाराचा साचा परिचित आहे : उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, कालावधी, अपेक्षित निष्पत्ती आणि अंदाजपत्रक. यांपैकी 'अपेक्षित निष्पत्ती' हा रकाना कळीचा आहे, कारण तेथे अर्जदार वचन देतो. वचनाची एक प्राथमिक अट अशी, की जे आपल्या अधीन आहे त्याचेच वचन देता येते. मी परिश्रम करीन, साधने प्रामाणिकपणे तपासीन, पैशाचा चोख हिशेब देईन, हे माझ्या अधीन आहे. शोधाअंती काय हाती लागेल हे मात्र माझ्या अधीन नाही. ते असते तर शोधाची गरजच उरली नसती. म्हणून या रकान्यात अर्जदारापुढे दोनच वाटा उरतात. जे आधीच हाती आले आहे ते पुढे मिळणार असल्याचे भासवायचे, किंवा जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे लिहायचे.

येथे एक आक्षेप संभवतो. हा संकेत लिहिणारा जाणतो, वाचणारा तज्ज्ञही जाणतो. ज्याने कोणाचीच फसवणूक होत नाही त्याला असत्य कसे म्हणावे? आक्षेप वरकरणी सबळ आहे. परंतु संकेत निरुपद्रवी ठरतो तो उभय पक्ष तो मोडण्यास सारखेच मोकळे असतील तेव्हा. येथे तसे नाही. शिवाय अर्ज एकदाच लिहिला जात नाही. पुनःपुन्हा लिहिला गेल्याने त्याची भाषा विचारात उतरते, आणि ठरावीक मुदतीत ज्यांची उत्तरे देता येतील तेवढेच प्रश्न सुचू लागतात. खोटे बोलण्याहून हे अधिक गंभीर आहे, कारण आपण काही गमावले याची जाणीवही येथे उरत नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सचित्र आवृत्तीच्या कल्पनेने एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये कार्यास प्रारंभ केला. १९२३ मध्ये उत्गीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ सिद्ध केली. १९२५ मध्ये वि. सी. सुखठणकर प्रमुख संपादक झाले, आणि आदिपर्वाचा पहिला खंडांश १९२७ मध्ये बाहेर पडला. सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये संहिता पूर्ण झाली. आजच्या त्रैवार्षिक प्रकल्पाच्या मापाने पाहिले, तर १९२२ च्या अखेरीस या कार्याची नोंद 'निष्पत्ती : शून्य' अशीच करावी लागली असती. काश्मीरकडील शारदा लिपीतल्या परंपरेला संहितानिश्चितीत जे वजन मिळाले, ते हस्तलिखितांच्या तुलनेतून मिळाले. पहिल्या दिवशी एखाद्या रकान्यात ते लिहिता आले नसते. दात्याच्या मनात एक ग्रंथ होता, हाती आला तो त्याहून वेगळा आणि मोठा. यात वचनभंग झाला असे कोणी म्हणत नाही, कारण वचन कार्याचे होते, निष्कर्षाचे नव्हते.

मग अनुदानच नाकारावे काय? या उत्तराला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. इतिहासाची साधने गोळा करीत वणवण हिंडणारे राजवाडे हे त्याचे आदर्श रूप. श्री. व्यं. केतकरांचा मार्ग वेगळा होता. ज्ञानकोशासाठी त्यांनी १९१६ मध्ये नागपुरात मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि २३ खंड पुरे केले. वाचकालाच भांडवलदार करण्याची ही कल्पना असामान्य होती; तथापि न लिहिलेला ग्रंथ आधी विकण्याची अट त्यांनाही चुकली नाही. शिवाय नकाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतोच. शीलवतीबाई केतकरांचे 'मीच हे सांगितले पाहिजे' हे आत्मकथन वाचल्यावर, विद्वानाच्या निःस्पृहतेचा खर्च पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर पडतो, हे विसरता येत नाही. आणि ज्याच्या मागे जमीन, जातीची प्रतिष्ठा वा मिळवते घर नाही, त्याला नकाराचे स्वातंत्र्यच नसते. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला निःस्पृहतेचा उपदेश करणे हा एक प्रकारचा उद्दामपणा आहे.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण अधिक बोधक आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. परंतु कचेरीत अस्पृश्यता वाट्यास आली, राहायला जागा मिळेना, आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. करार पाळला गेला नाही. तरीही येथे ऋण बुडवले असे म्हणण्यास जीभ धजावणार नाही. वचन पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हाही वचनाचाच भाग असतो, आणि येथे उणीव होती ती त्या बाजूची. ऋण त्यांनी मानले, ते वेगळ्या ठिकाणी. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा १९२५ चा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणातील साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक, अर्पण केलेला आहे. मध्यवर्ती सत्तेने नेमून दिलेल्या रकमेवर चालणारे प्रांत हा त्या ग्रंथाच्या विवेचनाचा एक महत्त्वाचा भाग असावा, हेही लक्षणीय आहे. देणारा आणि घेणारा यांच्या नात्याचे शास्त्र त्यांनी घेणाऱ्याच्या जागी उभे राहून लिहिले.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. करार निष्पत्तीशी बांधतो. ऋण माणसाला कार्याशी बांधते. आजचे अनुदान बोलते ऋणाच्या भाषेत, वागते कराराच्या रीतीने. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले, आणि त्याच्या अनुसूचीत कला व संस्कृतीलाही स्थान दिले. २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांना परिणाम-मूल्यमापनही लागू झाले. पाणलोटाच्या कामाला असे मोजमाप काही अंशी शोभते. परंतु एखाद्या नाट्यप्रयोगाने प्रेक्षकाच्या मनात काय घडवले, किंवा बोलीच्या अभ्यासाने काय वाचवले, हे आर्थिक वर्षाच्या अखेरीस कोणत्या एककात सांगावे?

हिशेब नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. पैसा बहुधा सार्वजनिक असतो, आणि 'प्रतिभेला मुदत नसते' या सबबीखाली आळसही खपून जातो. मागणी फक्त एवढीच, की दात्याने हिशेब मागावा तो परिश्रमांचा, साधनांचा आणि प्रामाणिकपणाचा. आणि घेणाऱ्याने आपले अज्ञान अर्जात अज्ञान म्हणूनच मांडण्याचे धैर्य दाखवावे. कोणत्याही अनुदानाची नैतिक कसोटी त्याच्या पहिल्या कागदावर लागत नाही, ती अंतिम अहवालावर लागते. 'जे अपेक्षित होते ते आढळले नाही' हे वाक्य त्या अहवालात निर्भयपणे लिहिता येत असेल, तर दिले गेले ते साहाय्य होते. ते लिहिता येत नसेल, तर ती खरेदी होती, आणि विकणाऱ्याने आपण काय विकले ते निदान स्वतःपाशी तरी मान्य करावे.