नुसतं बसवून बघा

चंद्रपुरात मे महिन्यात बारीक रंगकाम करायचं तर सकाळी लवकरच. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की ब्रशवरचा रंग प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आतच सुकायला लागतो. म्हणून आमच्या शेजारचे काका चहा झाला की लगेच व्हरांड्यात टेबल मांडतात. वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर मोठमोठी यंत्रं जोडली, आता प्लास्टिकची विमानं जोडतात. सध्या टेबलावर आहे ते पाण्यावर उतरणारं विमान. समुद्र आपल्यापासून कुठल्या कुठे, पण काकांचा जीव याच्यावरच जडला. चाकांच्या जागी दोन लांबोडके फ्लोट, वैनगंगेतल्या डोंग्यांसारखे. सुपरमरीन एस.६बी असं त्याचं नाव. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५०च्या दशकात त्याचा संच बाजारात आणला. काकांचा डबा भाच्याने मुंबईहून, कुणाच्या तरी जुन्या सामानातून मिळवून पाठवला. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचं हे रूप. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर जेमतेम पाच इंच भरतो.

त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलं, की एक गोष्ट लक्षात येते. गोंदाची बाटली बराच वेळ बंदच असते. काका एक भाग संचातल्या प्लास्टिकच्या सांगाड्यातून कापून घेतात. कडेला आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पात्याने खरवडतात. मग दोन भाग नुसते एकमेकांना लावतात, कागदी चिकटपट्टी किंवा रबरबँड लावून धरतात आणि विमान डोळ्यांच्या रेषेत आणून समोरून बघतात. फट दिसली की सोडवतात, घासतात, पुन्हा लावतात. जुन्या संचात हे जास्तच करावं लागतं, कारण इतक्या वर्षांत एखादा भाग किंचित वाकलेला असतो. फ्लोटच्या बाबतीत तर विचारूच नका. दोन्ही एकमेकांना समांतर हवेत, दोन्हींची उंची सारखी हवी आणि त्यांना पेलणाऱ्या दांड्या काडीएवढ्या. काका खाली काड्यापेट्या रचून फ्लोट त्यांवर टेकवतात आणि कुठला कलतोय ते पाहतात. एवढी खटपट कशासाठी? कारण हा गोंद आपल्या फेव्हिकॉलसारखा नसतो. तो प्लास्टिकच वितळवतो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर तिथे दोन भाग उरतच नाहीत. वेगळं करायला गेलं तर सांधा सुटत नाही, विमान मोडतं. विमानावर पाण्यात भिजवून चिकटवायच्या आकड्यांच्या, चिन्हांच्या खुणांचंही तसंच, आधी करून बघायचं. पिवळ्या पडलेल्या खुणांचा कागद काकांनी पिशवीत घालून खिडकीच्या काचेला लावला. चंद्रपूरच्या उन्हाचा असाही उपयोग! पिवळेपणा उतरला. तरी पहिल्यांदा पाण्यात टाकली ती नको असलेली एक खूण. जुनी खूण पाण्यात गेल्यावर तुकडे तुकडे होऊ शकते. ते आधी कळलेलं बरं.

गंमत म्हणजे ज्या विमानाची ही प्रतिकृती, तेही असंच आधी करून बघत घडलं. रेजिनल्ड मिचेल हे त्याचे रचनाकार. १९२५ मध्ये त्यांचं एस.४ हे देखणं विमान अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या श्नायडर करंडक शर्यतीआधीच्या सरावात पाण्यात कोसळलं. वैमानिक वाचला. नेमकं कारण काय, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. पण पुढच्या एस.५ च्या वेळी मिचेल यांनी वेगवेगळ्या आराखड्यांच्या छोट्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घेतल्या. पंखांना ताणाच्या ताराही दिल्या. बिनतारेचा पंख दिसायला सुरेख होता, तरी दिल्या. एस.५ ने १९२७ ची श्नायडर करंडक शर्यत जिंकली. त्याच घराण्यातल्या एस.६बीने १३ सप्टेंबर १९३१ ला तो करंडक कायमचा ब्रिटनकडे आणला आणि त्याच महिन्यात ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमानही मिचेल यांनीच घडवलं. एस.६बीचं इंधन फ्लोटमध्ये भरलेलं असे आणि उजव्या फ्लोटमध्ये जास्त. पंखा फिरायला लागला की त्याच्या ओढीने डावा फ्लोट पाण्यात दबायचा, म्हणून उजवीकडे वजन वाढवलेलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही फ्लोट अगदी सारखे. हे वाचलं त्या दिवशी काका भेटेल त्याला तेच सांगत होते. फिटरच तो, दुसऱ्या फिटरची युक्ती कळल्यावर खूश होणारच.

आपल्याकडे सागवानाचं काम करणारा सुतारही हेच करतो. अल्लापल्लीचं सागवान म्हणजे महागाचा माल. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेलं ते याच पट्ट्यातलं. असलं लाकूड हातात असताना सुतार चौकटीचे तुकडे आधी नुसते खाचेत बसवतो, फटीतून उजेड येतो का ते बघतो आणि मगच पक्कं करतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. आपण मात्र घरात आणि कामावर दिवसभर कितीतरी गोष्टी थेट गोंद लावूनच करतो. रागाच्या भरात उत्तर टाइप केलं आणि लगेच पाठवलं. चारचौघांत मुलाला बोललो. कुणी काही मागितलं, तर आधी ‘हो’ म्हणून टाकलं आणि जमेल का याचा विचार नंतर. प्रत्येक गोष्ट अशी तोलून-मापून करायची गरज नाही, हेही खरं. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. रंग बिघडला तर घासून पुन्हा देता येतो, काका कितीदा देतात. पण शब्द दिला, सही केली, जिव्हारी लागेल असं बोललो, की ते घासून निघत नाही. आज हातात असलेल्या कामांतलं रंगाचं कोणतं आणि गोंदाचं कोणतं, एवढं ओळखता आलं तरी अर्धी धावपळ कमी होते. रंगाच्या कामात बिनधास्त हात चालवावा. गोंदाच्या कामापुरतं थांबावं.

मात्र थांबायचं म्हणजे टाळत राहायचं असं नव्हे. काही जण नुसतं बसवून बघण्यातच रमतात आणि विमान कधी पुरं होतच नाही. या छंदात न उघडलेल्या डब्यांची चळत घरोघर असते म्हणतात. काकांचा नियम साधा आहे. भाग नीट बसला की त्याच दिवशी गोंद. उद्यावर ढकललं की चिकटपट्टी ढिली पडते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आपल्यालाही ते लागू आहे. नाही म्हणायचं ठरलं, तर आजच सांगावं. ज्याला होकार द्यायचा, त्याला ताटकळत कशाला ठेवायचं?

कामावर निघण्याआधी आज एवढंच करा. ज्या माणसाशी जरा अवघड बोलायचं आहे, त्याच्याशी बोलायची वाक्यं बसस्टॉपवर किंवा गाडीत मनातल्या मनात एकदा म्हणून बघा. त्याच्या जागी आपण असतो तर ती कशी ऐकू आली असती, तेही बघा. एखादा शब्द टोचत असेल तर बदला. आणि नीट बसली, तर दुपारच्या जेवणाआधी बोलून टाका.