रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येतं. 4 नोव्हेंबर 1845 रोजी इथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र हाती घेण्याआधी ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. गावाकडे आई आजारी असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणला पोहोचले, तोवर आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धासाठीही त्यांना रजा नाकारली गेली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या बंडामागे दुष्काळ आणि परकी सत्ता अशी मोठी कारणं होती. पण नोकराच्या दुःखाला साहेबाच्या लेखी किंमत नाही, हे त्यांनी कारकुनी करतानाच सोसलं होतं.

ते साहेब गेले, त्यांची वृत्ती मात्र गेली नाही. आज रजा मंजूर होते, पण माणूस सुटत नाही. तळोज्याचा कारखाना असो, ऐरोलीचं आयटी ऑफिस असो, प्रकार तोच. कामाच्या ताणाने झोप उडालेल्या, छातीत धडधडणाऱ्या माणसाला डॉक्टर पंधरा दिवस विश्रांती लिहून देतात. दुसऱ्याच दिवशी सकाळी मेसेज येतो, ‘तब्येत कशी आहे?’ त्याच्याखाली लगेच दुसरा, ‘तेवढी कालची शीट पाठव ना, दोनच मिनिटांचं काम आहे.’ ज्या नावाने मोबाईल वाजला की छातीत धस्स होतं, तेच नाव पुन्हा स्क्रीनवर! पाय मोडलेल्याला जिना चढायला कुणी सांगत नाही. मग मन थकलेल्याला त्याच ताणात पुन्हा ओढायचा अधिकार साहेबाला कुणी दिला?

कायद्याचा आधार आहे, पण अपुरा. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत आजारपणात 70 टक्के वेतन मिळतं, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. हा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकायला या योजनेच्या 1948च्या कायद्याने मनाई केली. पण महिना 21,000 रुपयांहून अधिक पगार असणारे या योजनेबाहेर राहिले. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 8 दिवस नैमित्तिक रजा आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलं. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून लागू आहे.

मालक विचारतील, काम अडलं तर? ज्याचं काम एका माणसाच्या आजारपणाने अडतं, त्याने मुळातच माणसं कमी ठेवली आहेत. कुणी खोटी रजा घेतो म्हणावं, तर त्याची चौकशी नियमाने करा. सगळ्यांवर संशय कशाला? आणि काम बुडण्याची भीती म्हणाल, तर कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या सुट्टीने गिरण्या बंद पडल्या नाहीत.

मालकाने विचारपूस जरूर करावी. पण ती एकाच जबाबदार माणसाने, आधी ठरलेल्या वेळी आणि फक्त तब्येत, सर्टिफिकेट व परतण्याची तारीख एवढ्यापुरती. कामाचा शब्द काढू नये, आजाराचं नाव चारचौघांत घेऊ नये. कर्मचाऱ्यानेही रजा लेखी कळवावी, काम सोपवून जावं, आलेले मेसेज जपून ठेवावेत. घरच्यांनी ‘टेन्शन कुणाला नसतं?’ हे वाक्य गिळून टाकावं. त्या वाक्यानेच आजारी माणूस रजेचा अर्ज खिशात ठेवून कामावर जातो.

हे सारं मालकाच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. आजारपणाच्या रजेत कामासाठी संपर्क करायचा नाही, ही अट प्रत्येक नेमणूकपत्रात यायला हवी आणि ती मोडणाऱ्याला दंड करणारा कायदा विधिमंडळाने करायला हवा. युनियनने पुढच्या करारात ही मागणी पगारवाढीच्या बरोबरीने मांडावी.