मातीतील अदृश्य सेवक

(मत्तय 13 : 1–9)

पेरणाऱ्याच्या दाखल्यात एक रोप उन्हात टिकत नाही, कारण त्यास मूळ नसते. हा दाखला आम्ही अनेकदा ऐकला आहे. आज त्या मुळापाशीच क्षणभर थांबू या.

मुळांस लागून असलेल्या मातीच्या पातळ थरास हिल्टनर नामक जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली निराळे नाव दिले. त्या थरात डोळ्यांस न दिसणारे असंख्य जिवाणू राहतात. पीक आपल्या मुळांतून साखर पाझरून त्यांस पोसते, आणि त्यांपैकी कित्येक जिवाणू त्या पिकाची सेवा करितात.

पाऊस ओढ देतो तेव्हा रोपाच्या अंगी इथिलीन नावाचा वायू वाढतो. थोडा असता तो रोपास सावध करितो. परंतु फार झाला म्हणजे मुळांची वाढ खुंटते व पाने अकाली गळतात. म्हणजे रोपाची हानी केवळ तहानेने होत नाही, तर त्याच्या अंतरीच्या घाबरेपणानेही होते.

ज्या अराबाचे नाव आपण पवित्र शास्त्रात वाचितो, त्या मृतसमुद्राच्या दक्षिणेकडील रुक्ष प्रदेशात संशोधकांस असा एक जिवाणू सापडला. त्यांनी तो टोमॅटो व मिरची यांच्या रोपांस लाविला आणि पाणी तोडिले. हा प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात काय दिसून आले? जिवाणूने रोपातील पाणी राखिले नाही. पाणी इतर रोपांप्रमाणेच घटत गेले. परंतु ज्या द्रव्यापासून इथिलीन बनते त्याचाच तो जिवाणू नाश करितो. म्हणून टोमॅटोची ती रोपे त्या कोरड्या दिवसांतही वाढत राहिली, आणि पाणी पुन्हा मिळताच अधिक चांगली सावरली.

ह्यावरून आम्ही दोन गोष्टी शिकू या.

पहिली ही की, पाऊस पाडणे आमच्या हाती नाही. परंतु शेजाऱ्याचे भय हलके करणे आमच्या हाती आहे. विहीर आटली, घरधनी ऊसतोडीस गेला, मागे म्हातारी व लेकरे राहिली, अशा घरी कोण जातो? तेथे जाऊन बसावे, प्रार्थना करावी, आणि आपल्या कणगीतील पायलीभर जोंधळे नेऊन द्यावे. उपाशी मनुष्यास कोरडा बोध करणे ही सेवा नव्हे. आमच्या भेटीने दुष्काळ संपणार नाही. तथापि ते घर खचणार नाही, आणि सुदिन येतील तेव्हा ते उभे असेल.

दुसरी ही की, हा सेवक पाणथळ मळ्यात नव्हे, तर रुक्ष भूमीत मिळाला. ज्याने स्वतः टंचाई सोसली, तोच दुःखिताचे मन ओळखितो. म्हणून, गरीब बंधो, माझ्याजवळ देण्यासारखे काय आहे, असे म्हणू नको. तुझे सोसणे हेच तुझे भांडवल आहे.

शेतात शेणखत व पालापाचोळा घालून मातीतल्या ह्या सेवकांस जपा. आणि मंडळीत जे कोणी गाजावाजा न करिता सेवा करितात, त्यांसही जपा. त्यांची नावे कोणी घेत नाही; परंतु जो मुळे पाहतो, तो त्यांस जाणतो.

हे प्रभो, पावसाची वाट पाहताना आम्हांस एकमेकांच्या मुळांशी राहण्यास शिकीव. आमेन.